रंगाखालची झडप

मित्रांनो, दूरच्या थंड मुलखातल्या लुइस्टन गावी ओडीलबाईंच्या पलंगामागे वाकून पाहा. भिंतीच्या तळाशी लांबट पत्र्याची पेटी दिसेल. तोच मी, जुना हीटर. माझ्या पोटात तांब्याची नळी आहे आणि तिला पातळ पत्र्याचे पंख आहेत. तळघरातल्या बॉयलरचं गरम पाणी माझ्यातून पुढे स्वयंपाकघरात जातं. पहिल्या हिवाळ्यात ओडील आणि तिचा नवरा रोझेर यांनी माझ्याजवळ ओले मोजे वाळवले. "देवानंच धाडलाय हा!" म्हणाले. मी भोळा, फुलून गेलो.

पुढे मात्र ही खोली भट्टी झाली. साऱ्या घराची ऊब ठरवणारी कळ एकच, बाहेरच्या बोळात.

"तूच फिरवतेस ती!" रोझेर म्हणे.

"मी? अरे, घरात लोकरीची टोपी घालून कोण बसतं?"

कळ कोण फिरवतं ते कळावं म्हणून त्याने गुपचूप कळीवर चिकटपट्टी लावली. तिने त्यावर आपला पांढरा केस ठेवला. सकाळी दोघंही चोरपावलांनी पाहून येत. पट्टी शाबूत, केस शाबूत! मग संशय माझ्यावर आला. खोटं कशाला बोलू, माझा संशय बॉयलरवर होता.

एक दिवस ओडील उशी उचलून शिवणाच्या गार खोलीत निजायला गेली. संसाराच्या एकेचाळीस वर्षांत प्रथमच. रोझेरने मला कापून काढायला जिनेट प्लंबरीणबाईला बोलावलं.

"कापते की," जिनेट म्हणाली. "साधी नळी जोडते. मग काका, इथे पेल्यातलं पाणी गोठेल. पण याची ऊब कमीजास्त करणारी झडप कुठाय?"

"कसली झडप?"

तिने माझ्या माथ्यावरून सुरी फिरवली. पांढऱ्या रंगाचे पापुद्रे गळले आणि तिने ढकलताच झडप करकरत मिटली. लगेच ऊब ओसरली.

"उघडी असतानाच रंगानं चिकटवली कुणी?"

दर ईस्टरआधी घराला रंग देणारा रोझेर खाली पाहू लागला.

"पट्टी कळीवर लावलीस," ओडील हसली, "ती तुझ्या ब्रशाला लावायची होतीस!"

संध्याकाळी उशी परत आली. रविवारी त्यांच्या रेडिओवर गाऊन सांगितलेला उपदेश लागतो: दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ नाही. किती गोड ते गाणं! दोघं मान डोलावतात, मीही आतून किणकिणतो.

मित्रांनो, माणसावर ठपका ठेवण्याआधी माझ्यासारख्याची झडप हलवून पाहत जा. ईस्टर जवळ आलाय. रोझेर सुधारलाय म्हणतात. पण रंगाच्या डब्याचं झाकण वाजलं की माझे पंख अजून शहारतात.