चौथ्या रात्रीचा अंधार

मी एक म्हातारी पतंग-मादी आहे. हसू नका मित्रांनो, म्हातारी म्हणजे चार रात्रींची. आम्हा चांद्रपतंगांचं आयुष्य जेमतेम आठवड्याचं असतं. मला खायला तोंडच नाही. अळी असताना मोवईच्या झाडाची पानं खाऊन साठवलेली चरबी, तेवढीच माझी शिदोरी.

तिच्यातूनच मी गंध तयार करते. माझ्या पोटाच्या टोकाशी एक इवलीशी ग्रंथी आहे. अंधार पडला की मेंदू तिला निरोप धाडतो. मग ती चरबीत फेरफार करून वाऱ्यावर तरंगेल असा हलका गंध बनवते. तुम्हाला तो येत नाही. आमच्या जातीचा नर मात्र पिसांसारख्या मिशांनी तो दूरवरून ओळखतो आणि माझ्याकडे येतो.

झरी जामणी गावाजवळ, धरमसिंग नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या मोवईवर मी कोषातून बाहेर आले. त्याच संध्याकाळी त्याने त्या झाडाला मोठा दिवा टांगला. पेरलेला मका रानडुकरांनी उकरू नये, म्हणून.

तीन रात्री अंधार झालाच नाही. मेंदूचा निरोप निघाला नाही, गंध बनला नाही. समोर नर दिव्याभोवती फिरून फिरून खाली पडत होते आणि पिंगळा, ते छोटं घुबड, एकेकाला उचलत होता. मी पानाला चिकटून राहिले. नर आला नाही, तर माझ्या पोटातली अंडी वाया जाणार होती.

चौथ्या रात्री धरमसिंगची बायको मानीबाई त्याच्याबरोबर मका राखायला, जागलीला आली. दिव्याखाली विखुरलेले पंख बघून ती थांबली.

“काहो, हा दिवा कायले लावला?”

“डुकरं भेतात त्याले.”

“भेतात? काल याच उजेडात मक्याच्या दोन ओळी उकरून खाऊन गेले. तुमी त त्याइले जेवाले बत्ती लावून देल्ली.”

धरमसिंग डोकं खाजवत म्हणाला, “मंग काय करू?”

“डब्बा वाजवा. तुमचे बाबा काय दिवा घेऊन जागल करत व्हते? हात दुखले त मी हावो ना वाजवाले.”

दिवा विझला. डबा वाजू लागला. अंधारात माझी ग्रंथी हळूहळू कामाला लागली, पण भीती गेली नाही. चरबी उरली असेल का? एखादा तरी नर जिवंत असेल का?

बऱ्याच वेळाने पंखांचा आवाज आला. तो की पिंगळा? मी हलले नाही. हलले असते, तर गंध थांबला असता.

मग पिसांसारख्या मिशा मला हलकेच लागल्या.

आता मी पानांखाली अंडी घालते आहे. परवा मी नसेन. पण यांतून निघालेल्या अळ्या एक दिवस पतंग होतील, आणि त्यांचीही पहिली रात्र येईल. तेव्हा दिव्याची कळ तुमच्या हातात असेल, मित्रांनो. ती दाबण्याआधी एकदा झाडाकडे बघा.