खोक्यातली दुसरी पट्टी

मी घरच्या घरी कोविड ओळखणारी पट्टी. बोटभर लांब, पांढऱ्या प्लास्टिकची, पोटावर एक इवलीशी खिडकी. माझं काम पंधरा मिनिटांचं. बाकी सगळा जन्म वाट बघण्यात गेला. दमलेय आता, म्हणून थोडक्यात सांगते.

मी कशी तयार झाले ते फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेले हात, पांढराफटक उजेड, मग एकदम अंधार. खोक्यात आम्ही दोघी होतो. वर माझी बहीण, खाली मी.

आम्हाला घरी आणलं थोरल्याने. थोरला आणि धाकटा, दोघे भाऊ फरशी बसवायचे. मापं घेणं, वाचणं, गिऱ्हाइकाशी बोलणं थोरल्याकडे. धाकटा शाळेत रमला नाही, पण हात मोठा सफाईचा. त्या दिवशी थोरल्याच्या अंगात ताप होता.

"दादा, करून टाक ना. नाकात काडीच तर फिरवायचीय," धाकटा म्हणाला.

"आणि दोन रेघा आल्या तर? लोकांचं स्वयंपाकघर उखडून ठेवलंय आपण. तेवढं संपू दे, मग बघू."

त्याने आम्हाला हत्यारांच्या कपाटात ठेवलं, थापीशेजारी. स्वयंपाकघर पूर्ण झालं. चौथ्या दिवशी त्याला श्वास घेता येईना, दवाखान्यात न्यावं लागलं. अकराव्या दिवशी तिथेच तो गेला. आम्ही दोघी कपाटातच होतो, सील न फोडलेल्या.

पुढे चार महिने धाकटा रोज सकाळी कपाट उघडायचा, थापी काढायचा, आमच्यावर नजर पडली की दार आपटायचा. आम्ही काहीच केलं नव्हतं. तेच तर त्याला सहन होत नसावं.

मग आजची सकाळ उजाडली. धाकटा काल परगावच्या कामावरून परतला होता. कपडे मळलेले म्हणून तो वर गेलाच नाही. वरच्या मजल्यावर आई आणि वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, राहतात. वहिनीचे दिवस भरलेत. दहा वाजता तिला त्याच दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "भाऊजी, त्या दारातून मी एकटी आत जाणार नाही. तुम्ही बरोबर हवेत." आणि त्याने शब्द दिला होता.

पण सकाळी उठला तो घसा धरूनच. अंग मोडून आलेलं.

"झालं का आवरून?" आईने जिन्यावरून हाक मारली.

"आई, घसा बसलाय माझा."

"रडून बसलाय. चार महिन्यांत तुझा आवाज जागेवर होता कधी? चल, हिला जिना उतरताना धरायला हवं."

त्याने चपला घातल्या. मग काढल्या. परत घातल्या. दारापर्यंत गेला, वळला, कपाट उघडलं आणि खोकं फाडलं. उघडलं नाही, फाडलं.

माहितीचा कागद त्याने उलटाच धरला होता. वाचून दाखवणारा आता नव्हता, म्हणून नुसती चित्रं बघितली. काडी नाकात फिरवली, डोळ्यांत पाणी आलं, काडी नळीतल्या पाण्यात घोळवली, माझ्या बहिणीवर चार थेंब सोडले. इथवर सगळं बरोबर. खिडकीत ओल चढू लागली, गुलाबी पसरू लागलं, आणि त्याचा हात आपोआप पुढे झाला. फरशीच्या सांध्यातून सिमेंट वर आलं की ते लगेच पुसायचं असतं, वाळलं की निघत नाही. इतक्या वर्षांची सवय. ओलं फडकं त्याने खिडकीवरून दाबून फिरवलं. एक पुसट डाग उरला. माझी बहीण काही न सांगताच गेली.

"अरे देवा," तो म्हणाला, आणि खालीच बसला. वरचं भावंड गेल्यावर खोकं केवढं मोठं वाटतं, ते मला तेव्हा कळलं. त्याला आधीपासूनच ठाऊक होतं.

मग त्याने मला घेतलं. टेबल डुगडुगत होतं. त्याने सपाटी मोजायची लेव्हल ठेवून पाहिली, एका पायाखाली फरशीचा तुकडा सरकवला, बुडबुडा मधोमध आल्यावरच मला ठेवलं. थेंब टाकले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला.

"एकच रेघ काढ बाई," तो पुटपुटला. "एवढं कर."

मी काही काढत नसते. असेल तेच उमटतं. पहिली रेघ आली, ती मी चालतेय एवढंच सांगणारी. दुसरी, आजार आहे म्हणणारी, यायला वेळ लागला. तो मला उजेडात नेऊन बघत राहिला, एक डोळा मिटून. फिकी होती. डोळ्यांआड करायची म्हटली तर सहज झाली असती.

"भाऊजी, गाडी आली," वरून वहिनी म्हणाली.

केराचा डबा पायाशीच होता. त्याचा हात माझ्यासकट त्यावर गेला, थांबला.

"वहिनी, मी येत नाही," तो बंद दाराआडून म्हणाला.

"काय?"

"दोन रेघा आल्यात. दुसरी फिकी आहे."

"फिकी म्हणजे आहेच ना?"

"आहे."

"मग दार उघडू नका." ती एकेक पायरी बसत उतरली. दाराशी थांबली. "मी चिडलेय तुमच्यावर. खूप चिडलेय." मग हलक्या आवाजात, "तुमच्या दादांनी असं सांगितलं असतं तरी मी चिडलेच असते. चाललं असतं मला."

थोरला गेला त्या दिवसानंतर आई दवाखान्याची पायरी चढली नव्हती. "चल, मी येते आत," ती म्हणाली. "पिशवी दे इकडे. आणि तू रे, पाणी पी. झोप."

गाडी गेल्याचा आवाज आला. तो दाराला पाठ लावून बसून राहिला, फोन मांडीवर ठेवून. दुपार झाली, अजून वाजलेला नाही.

मला त्याने कागदात गुंडाळून डब्यात टाकलंय. उद्या कचऱ्याची गाडी येईल. मी कुणाला वाचवत नाही, तेवढी माझी पोच नाही. मला दिसतं ते मी सांगते. पुढचं दाराआडून का होईना, तुम्हालाच बोलावं लागतं. घरात माझ्यासारखी एखादी पडून असेल, तर तिला कपाटात जुनी होऊ देऊ नका.

धाकट्याला मी सांगू शकले. थोरल्याला सांगायचं राहिलं.