तुळशी भरती ऐकते

मार्च १९५८. सोमवारी दुपारी सव्वाबाराला रेवसजवळच्या मिठागरात तुळशी पाण्यात पडली. खाडीचं पाणी आत घेणाऱ्या उघाडीपाशी पाणी कमरेएवढंच होतं. तरी ती हातपाय न हलवता बुडत होती. बाप हिरामणने तिला ओढून काढलं.

तुळशी एकोणीस वर्षांची. बोलत नसे, नजरेला नजर देत नसे. दिवसभर बांधावर शिंपले ओळीने मांडी. त्यांना कुणी हात लावला की गाव डोक्यावर घेई. कधीकधी मात्र शिंपला हातातच राही आणि ती खाडीकडे पाहत थिजे. पांढऱ्या मिठावर ऊन तरंगे, वाराही थांबल्यासारखा वाटे. "तुळशी भरती आयकते," माणसं म्हणत. कधी खरंच पाणी येई. तेवढंच ध्यानात राही. म्हणून तर तिला उघाडीच्या काठावर बसवत, आणि ती थिजली की पाणी घ्यायला धावत!

देवी टोचायला आलेल्या नर्स चंद्राबाई हे ऐकून त्या दिवशी मागे थांबल्या. पाच वाजता बांधावर तुळशी पुन्हा थिजली.

"पानी येनार," हिरामण म्हणाला. "पंचांग चुकंल, माजी पोर न्हाय."

"आत्ता ओहोटी आहे, हिरामणदादा."

चंद्राबाईंनी तिच्या बोटांतला शिंपला अलगद काढला. तुळशी ओरडली नाही. पापण्या फडफडत होत्या, ओठ चघळल्यासारखे हलत होते.

"शिंपला घेतला, आन् ही गप?" आई सखुबाई चरकली.

"तिला कळलंच नाही. हे फेफरं असावं."

"त्वांडाला फेस न्हाय, कसलं फेफरं?" हिरामण उसळला. "लोकं येडी म्हनतात, त्ये कमी हाय?"

"वेडी नाही ती. न बोलणं, शिंपले मांडणं, ही तिची रीत. हे हरवणं वेगळं. आपण दोन्ही एकाच गाठीत बांधलं."

अर्ध्या मिनिटाने तुळशीने रिकामी मूठ पाहिली आणि किंकाळी फोडली.

"अगो बाय माजे!" सखुबाईने शिंपला तिच्या हातात दिला. "तू हरवत व्हतीस, आन् आमी पानी घेत बसलो!"

 हिरामणने उघाडीवरचं तिचं बसायचं गोणपाट उचललं.

वाचकहो, वेगळ्या माणसाची प्रत्येक गोष्ट त्याच्या वेगळेपणावर ढकलू नका. त्याची रोजची रीत ओळखा. ती कुठे तुटते ते पाहा, आणि डॉक्टरांना सांगा.

गुरुवारी सकाळच्या लाँचने तिघं मुंबईच्या इस्पितळात गेली. शनिवार संध्याकाळपर्यंत परतलेली नाहीत. बांधावर शिंपल्यांची ओळ आहे तशीच आहे. कुणी हात लावलेला नाही.