सत्तेचाळीस नंबर हजर आहे

माझी बायको गेल्याचं मला नोंदणी कार्यालयातून कळलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात. दुपारचे साडेबारा झाले होते. मी एका गिऱ्हाइकाच्या कोटाची बाही उसवत होतो. फोनवर दोन नंबर खिडकीवरच्या बाई होत्या. म्हणाल्या, तुमच्या मिसेसना तीनदा पुकारलं, समोर बाकावरच बसल्यात, पण उठायचं नाव घेत नाहीत, मागे सगळे खोळंबलेत. मी सांगितलं, तिला जरा कमी ऐकू येतं, सगळा जन्म मोटारींच्या आवाजात गेलाय, खांद्याला हात लावून बघा. त्यांनी फोन तसाच ठेवून कुणाला तरी पाठवलं. बराच वेळ मला नुसती पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग बाई परत आल्या आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही या."

हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. बसल्या जागी.

ती तिथे वॉटर स्कूटरची नोंदणी करायला गेली होती. स्कूटर तिने स्वतः बनवली होती. एकतीस वर्षं तिने पाण्याचे पंप दुरुस्त केले. मी शिंपी. सुईत दोरा ओवण्यापलीकडे माझी मजल नाही. पण दुकान माझ्या नावावर होतं, म्हणून पुढच्या भागात कपडे आणि मागच्या भागात पंप असूनही लोक मलाच पंपवाले काका म्हणायचे. पंप बिघडला की माझ्याशी बोलायचे आणि तिच्याकडे पान्हा द्यायचे. ती कधी काही बोलली नाही. साठाव्या वर्षी मात्र तिने मोडीतल्या मोटरसायकलचं इंजिन आणलं, पाण्याच्या दोन जुन्या टाक्या कापून साचा केला, त्यावर फायबरचं अंग ओतलं आणि मागे पंप बसवला. "पाणी आत घ्यायचं आणि मागे फेकायचं," ती म्हणाली. "आयुष्यभर हेच केलं. आता त्यावर बसून जाते." बैठकीचं कव्हर तेवढं मी शिवलं. तेही एकदा उसवायला लावलं तिने.

घरी बनवलेल्या वाहनाचं मालकीपत्र मिळायला निर्मात्याने स्वतः येऊन सही करावी लागते. ती सही व्हायच्या आधीच ती गेली.

पंधरा दिवसांनी मी फाइल घेऊन खिडकीवर गेलो. बाईंनी संगणकात पाहिलं. मग खाली वाकून हळूच म्हणाल्या, आमच्या नोंदीत त्या अजून आत आहेत. कारण असं की, आत येताना दारावर टोकन मिळतं आणि बाहेर जाताना ते पेटीत टाकायचं असतं. तिला मागच्या दाराने स्ट्रेचरवरून नेलं. टोकन तिच्या मुठीत होतं, ते दवाखान्याने मला चष्म्याबरोबर दिलं. म्हणजे सत्तेचाळीस नंबर आत आला, पण बाहेर गेलेलाच नाही. मी विचारलं, मग आता टाकू का पेटीत. बाई म्हणाल्या, टाका, पण सही न होता टोकन टाकलं की अर्ज मागे घेतला असं धरतात. मग तुमच्या नावाने नवा अर्ज करा. निर्माता म्हणून तुमचं नाव घाला. दहा मिनिटांचं काम आहे.

"पण मी नाही बनवली," मी म्हणालो.

"काका, दुकान तुमचंच ना?"

मी टोकन परत खिशात घातलं. एकतीस वर्षं तिचं काम माझ्या नावावर खपलं होतं. त्या एका रकान्यात तरी मला तिचंच नाव हवं होतं. बाकी मालकीपत्राचं मला काही पडलं नव्हतं. पोहताही येत नाही मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरच्या साहेबांना भेटायला गेलो. साहेब यायचे होते, म्हणून बाकावर बसलो. दहा वाजता कर्णा खरखरला आणि म्हणाला, "क्रमांक सत्तेचाळीस. निर्माता. खिडकी दोन."

नियम असा की आदल्या दिवशीचे हजर असलेले अर्जदार आधी घ्यायचे. सगळ्यात जुनी हजर तीच. तीनदा पुकारायचं, दर वेळी दोन मिनिटं थांबायचं, मगच पुढचा नंबर. पंधरा दिवस हे रोज चाललं होतं. पुढच्या बाकावरचा एक जण चिडून म्हणाला, रोज पहिला नंबर लावतात आणि रोज उशीर करतात, कोण या महाराणी? दुसरा म्हणाला, मोठी ओळख असणार. नेहमीची माणसं त्या सहा मिनिटांत फॉर्म भरून घ्यायची. तिला कुणी निर्माता म्हटलेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होतो.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, हजर माणसाचा अर्ज मला फेटाळता येत नाही. मी म्हटलं, फेटाळू नका, मंजूर करा. ते म्हणाले, सहीशिवाय तेही येत नाही. पालथ्या घड्यावर पाणी. मी रोज जायला लागलो.

अर्ज जिवंत असल्यामुळे तपासणीची तारीख आपोआप पडली आणि निरीक्षक एके दिवशी दुकानात आले. बारीक अंगाचे, बूट चकचकीत. त्यांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, फायबरवर टकटक केलं. निर्माता कुठे, असं त्यांनी विचारलं. मी काय सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात त्यांनीच कागद पाहिला. "हां. कार्यालयात हजर आहेत. मग इथे कशा असतील," ते म्हणाले आणि कामाला लागले.

पंप तपासायची तिची टाकी अंगणात होती. स्कूटरचा मागचा भाग आम्ही दोघांनी मिळून टाकीत सोडला. किल्ली कुठे लावायची एवढंच मला माहीत होतं. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. निरीक्षक मागे उभे राहून वाकून बघत होते. पाण्याचा झोत त्यांच्या छातीवर बसला आणि ते आमच्या कपडे वाळत घालायच्या दोरीपर्यंत मागे गेले. मी इंजिन बंद केलं. त्यांनी चष्मा पुसला, ओल्या कागदावर पेन उमटेना म्हणून माझा खडू मागून घेतला आणि लिहिलं, जोर समाधानकारक.

मी त्यांना टॉवेल दिला. डोकं पुसता पुसता त्यांनी विचारलं, आता अडलंय कुठे? मी सही सांगितली. ते म्हणाले, त्याला वाट आहे. निर्माता कार्यालयात हजर होता, पण सही करू शकला नाही, असं त्या दिवशी तिथे असलेल्या दोन माणसांनी लिहून दिलं, तर नवऱ्याची किंवा बायकोची सही चालते. निर्मात्याचं नाव तेच राहतं. हात मोडलेल्या लोकांसाठी नियम आहे. पण सही का करता आली नाही, हे लिहायची अट नाही.

मी दुसऱ्या दिवशी पळतच गेलो. बाईंनी नियमांचं पुस्तक काढून दोनदा वाचलं. बरोबर आहे म्हणाल्या. पण साक्षीदार कार्यालयाचा नोकर चालत नाही, म्हणजे त्या स्वतः नाही आणि दारावरचा पहारेकरीही नाही. स्ट्रेचरवाले दोघं चालतील का, मी विचारलं. बाई म्हणाल्या, ते मागच्या दाराने आले होते, त्यांची आत आल्याची नोंदच नाही, म्हणजे ते इथे नव्हतेच.

मग मी बाकाबाकावर विचारायला लागलो. तुम्ही त्या दिवशी इथे होता का? बहुतेक नव्हतेच. तिघं होते, पण त्यांना काही आठवत नव्हतं. एका बाईने मला विमा विकायला आलेला समजून हाकललं.

सोमवारी कर्ण्याने पुकारा केला तेव्हा दाराजवळ उभा असलेला एक नावाडी दचकला. "अजून त्यांचाच नंबर?" त्याने विचारलं. मी जाऊन त्याच्याजवळ बसलो. तो त्या दिवशी तिच्या शेजारी होता. तिने त्याला म्हणे त्याच्या नावेच्या इंजिनाचा आवाज तोंडाने काढून दाखवायला लावला होता आणि पंपाचं सील गेलंय, बदल, असं सांगितलं होतं. मग तिची मान त्याच्या खांद्यावर आली.

"मला वाटलं, डुलकी लागली," तो म्हणाला. "माझा पंचेचाळीस पुकारला. मी उठलो नाही. उठलो असतो तर ताईंची मान पडली असती."

नंबर चुकला म्हणून त्याला पुन्हा नवा अर्ज करावा लागला होता. त्यासाठीच तो आला होता. मी विचारलं, सील बदललंस का? बदललं म्हणाला. आता गळत नाही. त्याने लिहून दिलं, ठळक अक्षरात, आणि सही केली.

मुलगी रोज फोन करते. काल म्हणाली, "बाबा, तुम्ही खरंच साक्षीदार शोधताय ना? की नुसतं ऐकायला जाताय?"

दुसरी सही झाली की त्या दिवसापासून पुकारा बंद होणार, हे तिला मीच सांगितलं होतं. मी म्हणालो, दोन्ही. मग ती म्हणाली, गुरुवारी मी रजा काढते, अर्धे बाक तुम्ही विचारा, अर्धे मी.

ती गेली त्या दिवशी एकूण त्रेसष्ट जणांनी टोकन घेतलं होतं. त्यातले एकोणीस मला आतापर्यंत भेटले. एकाची सही झाली आहे. दुसरी बाकी आहे.