पृष्ठभागावरील क्षेत्र

शिरगावातल्या त्या नीटच्या क्लासमध्ये लेखी परीक्षेत पहिला येईल त्याला वर्षभर फुकट शिकवतात. जिज्ञासा एका मार्काने दुसरी आली. दुसऱ्याला कौतुक मिळतं, आणि कौतुकावर डॉक्टर होता येत नाही. सीट हुकली तर सोमवारपासून अंबरनाथ एमआयडीसीत पॅकिंगला जायचं, असं घरात ठरलं होतं.

घात केला तो एका ग्रहाने. ग्रहाची त्रिज्या दिली होती, पृष्ठभागातून जाणारा विद्युत फ्लक्स दिला होता, तोही ऋण. ग्रहावरचा प्रभार आणि पृष्ठभागावरील क्षेत्र काढा, एवढंच विचारलं होतं. प्रभार तिने ऋण चिन्हासकट अचूक काढला. मग अख्ख्या ग्रहाचा पृष्ठभाग चौरस मीटरमध्ये मोजला आणि उत्तराखाली दोन रेघा मारल्या. हवं होतं विद्युत क्षेत्र, इंग्रजीत ज्याला फील्ड म्हणतात ते. दोन मार्क गेले.

वडील, जयदेव, तिला घेऊन चिंतामणी सरांकडे आले. पेपर सरांनीच काढलेला. केमिकल कंपनीतून निवृत्त झालेले सर अजूनही समोरच्याला शिफ्टचा कामगार समजूनच बोलत. मापाला क्षेत्रफळ म्हणतात, हे शाळेतच शिकवतात, असं त्यांनी सुनावलं.

"आमचे सातबाऱ्यावर क्षेत्रच लिवलंय," जयदेव म्हणाले. "फळ नाय लिवलं."

तलाठ्याची भाषा वेगळी, विज्ञानाची वेगळी, असं म्हणून सर हसले. जयदेवना ते हसणं लागलं. सर राहतात कुठे, त्यांनी विचारलं. हेंद्रेपाड्यात, गणपती मंदिरामागच्या नव्या बिल्डिंगमध्ये.

"ती जमीन आमची व्हती. फ्लॅट घेताना सातबारा तुमीपन वाचला असंल. तवा क्षेत्र म्हंजे काय समजलात, सर?"

सरांनी स्वतःचाच प्रश्न पुन्हा वाचला. माणूस तिरसट, पण खोटा नव्हता. त्यांनी पेपर जिज्ञासापुढे सरकवला आणि आता काढ म्हणाले.

तिने पेन उचललंच नाही. "माझं क्षेत्र काढून झालंय, सर. फ्लक्सला त्याने भागलं की तुमचं क्षेत्र येतं. दीडशे न्यूटन प्रति कूलोम, आतल्या दिशेने."

सरांनी लाल पेनने आधी स्वतःच्या प्रश्नात 'विद्युत' हा शब्द घातला, मग तिला दोन मार्क दिले. पहिल्या आलेल्या सोहमच्या घरी फोन करायचं अवघड कामही त्यांनी स्वतःवरच घेतलं.

घरी जाताना रिक्षा त्या बिल्डिंगवरून गेली. जयदेव एरवी तिकडे बघत नसत. आज बघितलं, आणि त्यांना वाईट वाटलं.

"सरांना आतल्या दिशेने म्हनलीस, ते आत म्हंजे काय गो, बाय?"

"प्रभार ऋण असला की क्षेत्र आतच जातं, बाबा."

जयदेव पार्किंगच्या फरशीकडे मागे वळून बघत राहिले.

"आपलंपन आतच गेलं," ते म्हणाले. "पन आज कामाला आलं."