नव्वदाव्या पानावरचा पंपवाला

दोनशे तिसऱ्या पानावरच्या 'पंपवाला' या शब्दाभोवती त्यांनी लाल पेन्सिलीने गोल काढला, पेन्सिल कानावर खोचली आणि मुद्रितांचा गठ्ठा घेऊन ते थेट प्रकाशकांच्या टेबलापुढे जाऊन उभे राहिले.

"मेलेला माणूस कप्तानाला पाना आणून देतोय," ते म्हणाले.

या कचेरीत त्यांना तोंडावर 'काका' आणि पाठीमागे 'अनुस्वार' म्हणत, कारण ते सगळ्यांच्या डोक्यावर बसत. एकतीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. भल्याभल्या लेखकांचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांनी पोटात घातले होते आणि त्याबद्दल कुठे अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांचा नियम एकच. चूक दिसली की दुरुस्त करायची, पण पदरचा शब्द घालायचा नाही.

हातातलं पुस्तक एका दातांच्या डॉक्टरीणबाईंची पहिली विज्ञान कादंबरी होती. चारशे माणसांना घेऊन एक यान दोनशे वर्षांच्या प्रवासाला निघालेलं असतं. त्यात पाणी मोजकंच, तेच पुन्हा पुन्हा गाळून फिरवायचं. ते फिरवणाऱ्या पंपावर एक माणूस असतो. त्याला नाव नाही. चौऱ्याऐंशीव्या पानावर तो खोकतो, अठ्ठ्याऐंशीव्या पानावर आपलं स्टूल एका म्हातारीला देऊन टाकतो आणि नव्वदाव्या पानावर प्रकरण संपतं ते असं : 'पंपवाला गेला. पाणी मात्र येत राहिलं.'

गेल्या बुधवारी काका या ओळीशी पोचले तेव्हा पेन्सिल खाली ठेवून उठले, तोंड धुऊन आले आणि चहा समोर निवून जाईपर्यंत नुसते बसून राहिले. शेजारी अक्षरजुळणी करणाऱ्या मुलीने ते पाहिलं होतं, पण अनुस्वाराला काय झालं म्हणून विचारायची छाती कुणाला? झालं होतं एवढंच की त्यांना एक ओळ आवडली होती. आवडणं हे त्यांचं काम नव्हतं आणि कित्येक वर्षांत तसं झालंही नव्हतं. कामाचा माणूस जातो आणि नळ चालू असतो म्हणून कुणाला पत्ता लागत नाही, हे कुणीतरी एकदाचं नीट लिहिलं, असं वाटून त्यांना भरून आलं होतं. आणि आता हा गृहस्थ दोनशे तीनवर हातात पाना घेऊन हजर.

प्रकाशकांनी दोन्ही पानं वाचली. 'गेला' म्हणजे पाळी संपवून गेला असेल, त्यात मरायचं काय आलं, असं त्यांचं म्हणणं पडलं. मुलीलाही जुळणी करताना कुणी मेल्याचं जाणवलं नव्हतं. दोघं एका बाजूला आणि काका एकटे, पण काकांना त्याची सवय होती.

"पाळी संपवून गेला असेल तर पाणी येणारच," ते म्हणाले. "मग 'मात्र' कशाला? 'मात्र' उगाच येत नाही. काहीतरी तुटलेलं असतं, तेव्हा येतं."

व्याकरण निघालं की प्रकाशक शरण जात. दुसऱ्या दिवशी पुस्तक छपाईला जायचं होतं, म्हणून त्यांनी डॉक्टरांनाच फोन लावला. दवाखाना दोन गल्ल्या सोडून होता. एका पेशंटला भुलीचं इंजेक्शन देऊन, त्याचा जबडा बधिर होईपर्यंत म्हणून त्या आल्या. मास्क गळ्यात तसाच होता.

त्यांनी उभ्या उभ्या दोन्ही पानं वाचली आणि सांगितलं की त्यांनी कुणाला मारलेलं नाही. खोकला आला, कारण ते प्रकरण लिहिताना त्यांना स्वतःला सर्दी होती. म्हातारीला बसवायचं होतं म्हणून स्टूल. आणि 'मात्र' ही जिभेची सवय, दिवसभर पेशंटना 'दुखेल, मात्र थोडंच' म्हणून म्हणून लागलेली.

काकांचा चेहरा पडला. मुलीने पटकन आपल्या पडद्याकडे मान वळवली.

"तुमचं चुकतंय, डॉक्टर," काका म्हणाले.

प्रकाशकांनी कपाळाला हात लावला. डॉक्टरांना मात्र राग आला नाही. रोज निदान चार पेशंट त्यांना त्यांचाच धंदा शिकवत असत. त्यांनी खुर्ची ओढली आणि विचारलं, तो मेलाच असं काकांना का वाटलं?

काकांनी गठ्ठ्याच्या कडा जुळवल्या. त्या आधीच जुळलेल्या होत्या.

"माझे वडील पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते," ते म्हणाले. "पहाटे घरून निघायचे. सहाला नळाला पाणी आलं की आई म्हणायची, पोचले. त्या दिवशीही निघताना 'येतो' म्हणाले. सहाला पाणी आलं. सातला त्यांच्या कामावरचा एक माणूस दारात. मी नऊ वर्षांचा. तो म्हणाला, 'बाळ, तुझे बाबा गेले.' मी म्हटलं, 'हो, कामावर गेलेत.'"

मुलीने पडद्याकडून मान परत वळवली.

"त्याने पुन्हा सांगितलं. मीही पुन्हा तेच म्हटलं. तिसऱ्यांदा बिचाऱ्याला बोलवेना. नळ चालू होता हो आमचा. बादली भरत होती."

डॉक्टरांनी पान पुन्हा हातात घेतलं आणि दुसऱ्या कुणाचं लिखाण वाचावं तसं सावकाश वाचलं. मग म्हणाल्या, "काका, मेला तो. मी लिहिलं तेव्हा जिवंत होता, पण तुमचं वाचन माझ्या लिहिण्यापेक्षा चांगलं आहे. चारशे जणांना जगवणारा माणूस कुणाच्या नकळत जातो. हे मला शंभर पानांत सांगता येत नव्हतं." दोनशे तीनवर कप्तानाने स्वतःच वाकून पाना उचलावा, एका ओळीचा तर बदल, असंही त्यांनी सुचवलं. प्रकाशकांनी लगेच मान डोलावली. "आणि करा तुम्हीच," डॉक्टर म्हणाल्या.

म्हणजे काका जिंकले होते. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, दोनशे तिसरं पान पुढ्यात घेतलं आणि त्या लाल गोलावर टोक टेकवलं. मुलगी बदल टिपायला सज्ज होऊन बसली. पेन्सिल हलेना. त्या गोलात एक माणूस हातात पाना घेऊन उभा होता आणि त्याला खोडायला एक रेघ पुरली असती.

काकांनी पान उलटं ठेवलं. गठ्ठ्यातून नव्वदावं काढलं. 'पंपवाला' आणि 'गेला' यांच्या मधोमध, खाली, शब्द गळाल्याची बारीकशी खूण केली आणि वर दोन अक्षरं लिहिली : 'घरी'.

पंपवाला घरी गेला. पाणी मात्र येत राहिलं.

डॉक्टरांनी वाकून वाचलं. "पुस्तक तुमच्या पहिल्या वाचनाने जास्त चांगलं होतं, काका."

"माहीत आहे मला," काका म्हणाले. मग एकतीस वर्षांत कुठल्याही लेखकाला विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं. "चालेल?"

चालेल, असं म्हणून डॉक्टरांनी मास्क वर ओढला. तिकडे एक जबडा बधिर होऊन वाट बघत होता. दारातून त्यांनी "येते" म्हटलं, तेव्हा काकांनी मान वर करून "या" म्हटलं. एरवी ते मान वर करत नसत.

मुलीने नव्वदाव्या पानावर शब्द घातला. तिला राहवलं नाही.

"काका, तुम्ही पदरचा शब्द घातलात?"

"पदरचा नाही. राहिला होता."

तिने पुढची पानं चाळली, दोनशे तिसरं काढलं आणि लाल गोलावर बोट ठेवून विचारलं, "आणि याचं काय करू?"

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"काही करू नकोस," ते म्हणाले. "कामावर आलाय तो."