सत्यमची वर्दी, इद्रिसची वर्दी

मी एक जुनी खाकी वर्दी आहे. खरी नव्हे, नाटकातली. औरंगपुऱ्यात नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या सांडूमामांच्या दुकानात मी टांगलेली असते. मामा मला कधी एकटीला देत नाहीत. सोबत पोटाला बांधायची उशी आणि चिकटवायच्या मिशा देतात. गॅदरिंगमधला पोलीस एकतर हसवणारा, नाहीतर दिसेल त्याला बडवणारा. मला याचा मनातून फार राग यायचा.

मग लघुपट करणारी तनुजा आली. म्हणाली, "मामा, उशी नको. मला साधा माणूस दाखवायचाय." तेव्हाच ती माझ्या मनात भरली.

तिची गोष्ट साधी होती. परदेशातून शिकायला आलेल्या एका मुलाला एक पोलीस उगाच अडवतो. तो मुलगा झाला सुदानहून इथं शिकायला आलेला इद्रिस. पोलीस झाला इथलाच सत्यम. पोलीस ठाण्याची परवानगी घेऊन, कॅमेरा रिक्षात लपवून, भाजीमंडईत चित्रण सुरू झालं. सत्यम नुसता म्हणाला, "ए, थांब." इद्रिस थांबला. तेवढ्यात मंडईतल्या दोघांनी धावत येऊन इद्रिसची कॉलर धरली, तिसऱ्यानं हात उगारला.

सत्यम मध्ये पडला आणि त्या तिघांनाच ऐकू जाईल असं म्हणाला, "सोडा त्याला. शूटिंग चालू हाय. त्यानं काईच केलं नाय."

इद्रिसच्या शर्टाची बटणं तुटली होती. "अब मैं ये रोल नहीं करता," तो म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तनुजानं त्याची समजूत घातली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मलाच त्याच्या हातात दिलं. "आज तू पोलीस." त्याच मंडईत इद्रिसनं सत्यमला थांबवलं. लोक जमले, पण सत्यमला कुणी बोटही लावलं नाही. मेथी विकणाऱ्या पाचोडच्या चतुराबाई उलट इद्रिसलाच म्हणाल्या, "काय केलं त्या पोरानं? आन् तुमचं वळखपत्र दाखवा आधी."

मित्रांनो, आदल्या दिवशी सत्यमकडे ओळखपत्र कुणीच मागितलं नव्हतं. मला वाटायचं, लोक मला मान देतात. ते तर चेहरा बघत होते.

तनुजानं दोन्ही दिवस जसेच्या तसे पडद्यावर ठेवले. जमावाचे चेहरे तेवढे धूसर केले. ना संगीत, ना भाषण. एवढं धाडस मी मोठमोठ्या सिनेमांतही पाहिलं नाही.

पहिल्या खेळाला चतुराबाईंना मुद्दाम बोलावलं होतं. दिवे लागल्यावर त्या इद्रिसजवळ गेल्या. "लेकरा, तुला धरलं तवा बी मी तिथंच व्हते. तवा का नाय इचारलं मी?"

इद्रिसनं त्यांना बसायला खुर्ची दिली.

मित्रांनो, मला धुवा, इस्त्री करा, जपा. पण माझ्यासमोर कुणी अडवलेला दिसला, तर तो कुठलाही असो, चतुराबाईंचा "काय केलं त्या पोरानं?" हा प्रश्न वेळेवर विचारा.